मिलिंददादांना लपवणारा रंग

टोकियोतल्या निशी-कसाईत आमच्यापैकी कोणीही दोघं भेटलो की चहा गाळून होण्याआधी बंदुकीचा विषय निघतो. एक किस्सा सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि तेवढ्यात तिसरं कोणीतरी "थांब थांब, ते तसं नव्हतं!" म्हणत मध्येच घुसतं. इतके किस्से साठलेत की वैशालीवहिनींनी आता घरात नियमच केलाय, "रंगाचा असेल तर थोडक्यात सांगायचा!"

मला थोडक्यात जमत नाही. म्हणून लिहून काढतेय.

घाबरू नका, बंदुका खोट्या आहेत! माझी आई मात्र पुण्याहून फोनवर घाबरलीच होती. "ऋता, तुला कॉम्प्युटरच्या कामाला पाठवलंय ना तिकडे? मग बंदूक कसली?" तर, ही प्लॅस्टिकची, बॅटरीवर चालणारी बंदूक. भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या उडवते. जपानमध्ये हा मोठा खेळ आहे, सर्व्हायवल गेम म्हणतात. रविवारी चांगली नोकरी करणारी माणसं जंगलात जातात, डोळ्यांवर गॉगल चढवतात, काही जण तोंडावर जाळीचा मास्कही, दंडाला लाल किंवा पिवळी पट्टी बांधतात आणि एकमेकांना शोधून गोळ्या मारतात. गोळी लागली की बाद. वेळ संपली की मार्शल शिट्टी मारतो. शिट्टीपर्यंत जे उरले ते जिवंत.

जंगलात काळी कुळकुळीत बंदूक लांबून दिसते. म्हणून ती पानापाचोळ्यात मिसळून जाईल अशी घरच्या घरी रंगवायची. हे खातं माझ्याकडे होतं. कोणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं!

* * *

आधी माणसं सांगते. आम्ही तिघं एकाच प्रोजेक्टवर. मी, सोलापूरचा समीर, आणि आमचे टीम लीड मिलिंददादा, मुंबईचे. वैशालीवहिनी त्यांच्या पत्नी. दादा सहा फुटांच्या वर, अंगाने भरलेले, स्वभावाने लोणी. आम्हाला या खेळात ओढणारे कुरोकावा-सान, म्हणजे आपल्याकडचे कुरोकावाराव, क्लायंटच्या ऑफिसातले सेक्शन चीफ. पन्नाशी उलटलेली. ऑफिसात रुमालसुद्धा इस्त्रीचा. जंगलात शिरले की बिबट्या! खेळ नेहमी ठरलेला, त्यांच्या सेक्शनची लाल टीम आणि आमची पिवळी.

या खेळातला एक नियम मला पहिल्याच दिवशी इतका आवडला की मी त्यावर लंचला भाषण ठोकलं होतं. गोळी लागली की नाही हे ठरवायला अंपायर नाही! ज्याला लागली त्यानेच दोन्ही हात वर करायचे, "हित्तो!" म्हणून, म्हणजे जपानी तोंडातून 'हिट' म्हणून, ओरडायचं आणि बाहेर चालू पडायचं. बंदुकीला लागली तरी बाद. आमच्या सोसायटीच्या क्रिकेटमध्ये तिन्ही स्टंप उडाले तरी लोक "वारा होता" म्हणायचे, आणि इथे पाठीवर लागलेला साबुदाणा माणूस स्वतः कबूल करतो. समाज असा घडतो, वगैरे बरंच बोलले मी. समीर म्हणाला, "ऋता, भात गार होतोय."

तर या पहिल्या खेळात दादांचं काय झालं? सुरुवातीची शिट्टी झाली. दादा एका बांबूमागे लपले. म्हणजे बांबू पुढे आणि दोन्ही बाजूंनी दादा. पुढच्याच क्षणाला "हित्तो!"

दुसऱ्या खेळात तेच. तिसऱ्यातही तेच. महिनोन्‌महिने तेच! आमच्यात सगळ्यांत आधी बाद कोण, हा प्रश्नच कोणी विचारत नसे. खेळ संपून आम्ही बाहेर यायचो तेव्हा दादा सेफ झोनमध्ये सगळ्यांसाठी कॉफी करून बसलेले असायचे.

मग कळलं की दादांचं पोस्टिंग मार्चमध्ये संपतंय. कायमचे परत मुंबईला, आणि बंदूक काही विमानातून नेता येणार नाही. त्या दिवशी कॉफीचा कप माझ्या हातात देताना ते म्हणाले, "ऋता, मला कोणाला मारायचं नाहीये गं. फक्त एकदा ती शेवटची शिट्टी आतून ऐकायची आहे. जिवंतपणी."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "दादा, ते माझ्यावर सोडा!"

* * *

दादांच्या बंदुकीचा पहिला रंग मी एका दुपारी उरकला. व्हिडिओत सांगितलं होतं, आधी बंदुकीवरचं तेल पुसा, मग अस्तराचा हात द्या, वाळू द्या, मग पातळ थर, पुन्हा वाळू द्या. इतकं 'वाळू द्या' कोणाला परवडतं? मी थेट हिरवा मारला. त्यावर तपकिरी. त्यावर पुन्हा हिरवा. स्प्रेचा डबा दुकानातला सगळ्यांत देखणा निवडला होता. तो चकचकीत निघाला, हे मला उन्हात गेल्यावर कळलं.

बंदूक अशी चमकत होती की झाडावरचे कावळे उडाले. समीर म्हणाला, "दादा, तुम्ही पुढे चला, मागून नवरदेवाची गाडी येतेय!"

दादा बाद झालेच. पण लाल टीमचे लोक त्यांना मारून पुढे गेले नाहीत. परत आले आणि बंदुकीचे फोटो काढले. कुरोकावा-सान बराच वेळ तिच्याकडे बघत होते. त्यांना खोटंही बोलायचं नव्हतं आणि माझं मनही मोडायचं नव्हतं. शेवटी म्हणाले, "फार... उत्साही रंग आहे."

खरी गंमत परतीच्या वाटेवर. बंदूक उघडी न्यायची नसते, केसमध्ये बंद करून न्यायची असते. आमची केस जुनी, तिची चेन सारखी सुटायची. स्टेशनबाहेर पोलिसांची चौकी, आणि नेमकी तिच्यासमोर चेन सुटली! हिरवीगार नळी बाहेर. तरुण पोलीस धावत आला. आम्ही तिघं हात वर करून उभे. दादांच्या तोंडून सवयीने "हित्तो!" गेलं.

पोलिसाने आमची कार्डं पाहिली. बंदूक उलटीपालटी केली. नळीवर बोट फिरवलं, बोटाला लागलेला हिरवा रंग पाहिला, आणि गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "वरून मॅटचा हात दिला नाहीत?"

मी म्हटलं, "नाही."

"द्या," तो म्हणाला. "मीसुद्धा खेळतो."

* * *

दुसऱ्या खेपेला मी तंत्रशुद्ध जायचं ठरवलं. सापाच्या कातडीसारखी खवल्यांची नक्षी हवी असेल तर बंदुकीवर जाळी ताणून बसवायची आणि वरून स्प्रे मारायचा. जाळी काढली की खाली खवले उमटलेले. जाळी कुठली? तर इथे नाजूक कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकताना जाळीच्या पिशवीत घालतात, ती! वहिनींच्या बाल्कनीत एक वाळत होती. मी घेतली. नक्षी अशी सुरेख उठली की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. जाळी होती तिथे परत वाळत घातली.

वहिनींनी सोमवारी त्याच जाळीत दादांचा पांढरा शर्ट धुतला.

समीर सांगतो की मंगळवारच्या मीटिंगमध्ये दादा कोपऱ्यातल्या कुंडीपुढे बसले होते आणि क्लायंटने विचारलं, "मिलिंदो-सान अजून आले नाहीत का?" समीरचं काही खरं मानू नका. मी तिथे होते. क्लायंटने काहीही विचारलं नाही. जपानी माणूस असं काही विचारतच नाही! एवढंच झालं की मीटिंग संपल्यावर कुरोकावा-सान दादांजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तयारी ऑफिसातही चालू आहे, हे पाहून धीर आला."

वहिनींनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "ऋता, पुढची नक्षी तुझ्या ड्रेसवर काढणार आहे मी."

* * *

बाल्कनीचीही एक गोष्ट झालीच. मी माझ्या बाल्कनीत रंगवायचे आणि रंगाचा वास खाली जात होता. इथे शेजारी भांडायला येत नाहीत. लिफ्टजवळच्या फलकावर एक कागद लागला, 'कोणत्यातरी मजल्यावरील कोणीतरी रहिवासी बाल्कनीत रंगकाम करत असावेत असे वाटते', आणि खाली नाक धरलेल्या अस्वलाचं गोड चित्र.

मला हे सहनच होईना. कोणीतरी म्हणजे काय? चूक माझी, नाव माझं! मी रविवारभर बेसनाचे लाडू वळले आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक दारावर जाऊन, कमरेत वाकून माफी मागितली. ज्यांना वास आलाच नव्हता त्यांनाही सविस्तर सांगितलं. दादा डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, अस्वलाने आपलं नाव घेतलं नव्हतं!"

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या आजी, हातात माझा लाडवांचा डबा. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तसं इथेही करत नाहीत. उघडला तर आत फणीसारखी कापलेली नेच्याची पानं, वर्तमानपत्रात दाबून सपाट केलेली. आजी म्हणाल्या, "ही ठेवून वरून रंग मारला की छान छाप उठते. पण नदीकाठी जाऊन मारा हं. बाल्कनीत नको."

* * *

आता जो किस्सा सांगणार आहे त्यात माझं आणि समीरचं चार दिवस बोलणं बंद होतं.

मला एक कल्पना सुचली. हे सगळे नमुने परदेशी सैन्यांचे. आपण त्यांची नक्कल का करायची? आपला स्वतःचा नमुना हवा! मी कॉलेजात असताना पुण्याजवळच्या गडांवर पुष्कळ भटकले होते. फोनमध्ये ते सगळे फोटो होते. पावसाळा संपल्यावरचं पिवळं पडलेलं गवत, तांबूस माती, काळ्या कातळावरचे पांढुरके डाग. मी दोन आठवडे रंग मिसळले. या वेळी अस्तर दिलं, मॅट दिला, सगळं दिलं! बंदूक गवतात ठेवली असती तर माझी मलाही सापडली नसती.

फक्त ते गवत पुण्याजवळ होतं. टोकियोशेजारच्या चिबातल्या आमच्या जंगलात जून महिना होता. शेवाळं हिरवं, नेचे हिरवे, बांबू हिरवे. मधोमध पिवळीधमक बंदूक घेऊन दादा!

समीर म्हणाला, "दादा, तुम्ही लपलाय की दिशा दाखवताय?"

मी भडकले. म्हटलं, "रंग चुकलेला नाही! जागा वेगळी आहे, एवढंच!" समीर म्हणाला, "मग जागा बदल ना, रंग कशाला बदलतेस?" मी पाय आपटत बाहेर आले. दादा आधीच बाहेर होते, अर्थात. कॉफी तयार होती.

कुरोकावा-सान बंदूक हातात घेऊन बसले होते. विचारलं, "हे कुठलं आहे?" ही कुठली बंदूक असं नाही. हे कुठलं आहे! मी फोन काढून गडांचे फोटो दाखवले. त्यांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला, बंदूक शेजारी धरून पाहिली. मग खूप खात्रीने म्हणाले, "इथे मिलिंदो-सान फार वर्षं जगतील."

* * *

२०११च्या मोठ्या भूकंपाच्या वेळी आम्ही कोणीच इथे नव्हतो. कुरोकावा-सान होते. गाड्या बंद पडल्या म्हणून ते ऑफिसातून घरापर्यंत चालत गेले होते. यापेक्षा जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. पण फोनवर येणारी भूकंपाच्या इशाऱ्याची सूचना गांभीर्याने न घेणारा माणूस मला इथे भेटलेला नाही. फोन सायलेंटवर असला तरी ती किंचाळतेच.

आता विचार करा. भर खेळ चाललाय. दोन्ही टीम लपलेल्या. पानही हलत नाहीये. आणि दादा अजून जिवंत! एका ओंडक्यामागे पालथे पडलेत. अर्धा खेळ झालाय, हा त्यांचा विक्रम! मी एका झाडाला चिकटून श्वास धरून उभी.

आणि अख्खं जंगल किंचाळलं! या झुडपातून, त्या खड्ड्यातून, ओंडक्यामागून, वरून, खालून, प्रत्येक खिशातून तोच आवाज. सगळे ताडकन उठून मोकळ्या जागेत आले. जमीन गदगदा हलली, बांबूवर बांबू आपटून टकटक टकटक झालं, आणि थांबलं. मग शांतता. लोकांनी घरी फोन लावले. सगळीकडे सगळे ठीक.

आणि मग लक्षात आलं की आता प्रत्येकाला प्रत्येकाची जागा माहीत झालीय! मी ज्या झाडाला चिकटले होते त्याच झाडाच्या पलीकडून कुरोकावा-सान निघाले होते!

ते मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांनी कृपया आपापल्या जागी परत जावं. कोणी काही पाहिलेलं नाही, असं धरू." दोन्ही टीम एकमेकींना वाकल्या, पाठ वळवून जंगलात गेल्या. पुन्हा शिट्टी झाली.

लगेच आवाज आला, "हित्तो!" दादा!

मारलं कोणी? समीरने! आपल्याच माणसाने मारलं तरी बादच. समीर डोकं धरून ओरडत होता, "दादा, तुम्ही परत तिथेच कसे गेलात? मी म्हटलं, तिथे आता शत्रूच असणार!"

"अरे, आपापल्या जागी म्हणाले ना ते!"

झालं असं होतं की सगळ्यांनी मान डोलावली होती आणि सगळ्यांनी, माझ्यासकट, जागा बदलली होती. दिलेल्या शब्दाप्रमाणे आपल्या जागी परत गेलेली माणसं जंगलात दोनच. एक दादा. आणि दुसरे, त्या रिकाम्या झाडामागे अजून माझी वाट बघत उभे असलेले कुरोकावा-सान.

* * *

मार्च आला. सामान बांधून झालं होतं. विमान बुधवारचं, शेवटचा खेळ रविवारचा. दादांनी अजून ती शिट्टी आतून ऐकलेली नव्हती.

या वेळी मी घाई केली नाही. म्हणजे, वहिनींनी करू दिली नाही. आदल्या खेळाला मी जंगलातूनच बांबूची गळलेली पानं पोतंभर आणली होती. मार्चमधली ती पानं, वाळकी, फिकट, कडेला करडी. जिथे लपायचं तिथलाच पाचोळा! नदीकाठी बसून एकेक पान बंदुकीवर ठेवायचं, स्पंजने रंग टिपायचा, पान उचलायचं, वाळू द्यायचं. माझी बोटं शिवशिवली की वहिनी हातावर चापट मारायच्या. "पोळी फुगायच्या आत उलटतेस का? मग!" जाताना मात्र त्याच बंदुकीकडे बघून म्हणाल्या, "यांना एकदाच काय ते जगू दे बाई. नाहीतर मुंबईत मला रोज हेच ऐकावं लागेल."

रविवारी दादांना आम्ही एका उतारावर पाचोळ्यात झोपवलं. वरून पानं पसरली. बंदूक पुढ्यात. चार पावलं मागे आलो आणि समीर म्हणाला, "दादा, कुठे गेलात?" मस्करी नव्हती. खरंच दिसत नव्हते! पाचोळ्यातून आवाज आला, "इथेच आहे रे." काय आनंद झाला मला! मी जागच्या जागी उड्या मारल्या.

एकच भीती होती, शिंक. मार्चमध्ये इथे देवदाराच्या झाडांचे परागकण उडतात आणि अर्धा देश शिंकत असतो. पण दादांनी त्याचाही बंदोबस्त केला होता. सकाळी स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या होत्या. एकीने काय होणार म्हणून दोन घेतल्या होत्या. पाकिटावर चित्रलिपीत बरंच काही लिहिलं होतं, तेवढं त्यांना वाचता येत नव्हतं.

खेळ सुरू झाला. दादा जिवंत. पाव खेळ, अर्धा खेळ, दादा जिवंत! समीर बाद झाला. शेवटाकडे मीही बाद झाले, हात वर करून उतारावरून निघाले. मुद्दाम दादांच्या जवळून गेले, नुसतं बघायला. दिसले नाहीत. पण ऐकू आले.

दादा घोरत होते!

आणि बाद झालेल्या माणसाने बोलायचं नसतं. खाणाखुणा नाहीत, कोणाला हात लावायचा नाही. तुम्ही मेलेले असता. मी हात वर करून, दात आवळून तिथेच थबकले. घोरणं चांगलं घरच्यासारखं, लयीत. खालून कुरोकावा-सान येत होते. थांबले. कान दिला. एक पाऊल पुढे टाकलं. पुन्हा कान दिला. आवाज पायाशी आणि माणूस कुठेच नाही! ते स्वतःभोवती हळूहळू एक फेरी फिरले. मग वाकले, आणि एवढे दचकले की मागे बांबूला टेकले. दादांचा गॉगल त्यांच्या बुटापासून वीतभर होता.

इतक्या जवळून गोळी मारत नाहीत. बंदूक रोखून "फ्रीज" म्हणायचं असतं, मग समोरचा गपचूप बाद होतो. त्यांनी बंदूक रोखली. तोंड उघडलं. मी डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही, म्हणून उघडले. कुरोकावा-सान दादांच्या हातातल्या बंदुकीकडे बघत होते. खूप वेळ. त्या पानांकडे, त्यांच्या करड्या कडांकडे, जिथे बंदूक संपून पाचोळा सुरू होत होता तिथे. मग त्यांनी स्वतःची बंदूक खाली केली. दोन्ही हात वर केले. आणि झोपलेल्या माणसाची झोपमोड होऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "हित्तो."

आणि चालायला लागले. मीही चालायला लागले. आम्ही दोघं मेलेले, हात वर करून, एक शब्द न बोलता सेफ झोनपर्यंत आलो. आमच्या मागे शिट्टी झाली.

दादा सगळ्यांत शेवटी बाहेर आले. केसांत पाचोळा, गालावर मास्कची जाळी उमटलेली. "शिट्टी झाली? शेवटची?" समीर ओरडला, "झाली! दादा, तुम्ही आत होतात!" दादांनी मांडीवर थाप मारली, खाली बसले, पुन्हा उठले. मार्शलने विचारलं, जिवंत कोण कोण? दादांचा हात सगळ्यांच्या वर. तेवढ्यात कुरोकावा-सान पुढे आले, दादांना कमरेत वाकले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आज मला मिलिंदो-सानांनी मारलं."

"मी?" दादा बंदुकीकडे बघायला लागले. "कधी?... म्हणजे, लागलं नाही ना तुम्हाला?"

कुरोकावा-सानांनी छातीवर एक बोट ठेवलं, बरोबर मध्यभागी.

दादांनी तिथूनच वहिनींना व्हिडिओ कॉल लावला. "अगं, जिवंत! शेवटपर्यंत! आणि कुरोकावा-सानांना मी, मी स्वतः!" वहिनी म्हणाल्या, "अभिनंदन! पण तुमचे डोळे असे झोपेतून उठल्यासारखे का दिसताहेत?"

स्टेशनकडे जाणाऱ्या मिनीबसमध्ये दादा समीरला सगळं पुन्हा पुन्हा सांगत होते, कसा नेम धरला, कसा श्वास रोखला. दर वेळी थोडं जास्त. मी पुढच्या सीटवर कुरोकावा-सानांच्या शेजारी. मला राहवेना. तुम्हाला माहीतच आहे, मला राहवत नाही. हळूच विचारलं, "कुरोकावा-सान, गोळी सुटलीच नव्हती ना?"

ते खिडकीबाहेर बघत होते. इस्त्रीचा रुमाल काढून त्यांनी गॉगलची काच पुसली, गॉगल डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं.

"रिता-सान," ते म्हणाले, "रंग फार छान जमला होता."